आमच्या म्हाताऱ्या फौजींचं रेकॉर्ड एकदा उघडून बघा

प्रति,
लष्कराच्या सर्व अभिलेख कार्यालयांचे प्रमुख अधिकारी,
आणि मराठवाड्यातले जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी

साहेब, जय हिंद.

मी निवृत्त हवालदार, ट्रेड क्लार्क. पलटणीत असताना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोकरीतल्या बदलांचे लेखी हुकूम, काढणं हेच माझं काम. जवान सुट्टीवर गेला, परत आला, लग्न झालं, मूल झालं, कोर्स केला, दुसऱ्या युनिटला अटॅच झाला, की त्याची ऑर्डर निघायची, रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे तुमच्या अभिलेख कार्यालयात जायची आणि तिथं त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवापत्रकावर चढायची. आता गावाकडं शेती बघतो. बाजाराच्या दिवशी निलंग्यात एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. तिथं आसपासच्या गावांतले माजी सैनिक येतात, त्यांच्या विधवा येतात. बहुतेकांच्या हातात खताच्या कंपनीची पिशवी आणि पिशवीत सगळी नोकरी: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), कॅन्टीन कार्ड, बँकेचं पासबुक आणि घड्या पडून चार ठिकाणी फाटलेला एखादा कागद. तो फाटलेला कागदच बहुतेक वेळा कामाचा निघतो.

हे पत्र त्यातल्या एका माणसामुळं लिहायला घेतलं. त्यांना आम्ही नाना म्हणतो. चीनच्या लढाईनंतर भरतीचा जोर होता तेव्हा भरती झाले, पंधरा वर्षं पुरी करून पेन्शनवर आले, आता ऐंशी ओलांडली. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात चार नोंदी आहेत: सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. 'पूर्वी स्टार' नाही, 'पश्चिमी स्टार'ही नाही. ज्यांना फौजेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1971 च्या लढाईच्या काळात जो कुणी वर्दीत होता, त्याला संग्राम मेडल मिळालं, मग तो पुण्यात का असेना. आघाडीवर होता त्याला मात्र स्टार: पूर्वेला असेल तर 'पूर्वी', पश्चिमेला असेल तर 'पश्चिमी'. नानांच्या रेकॉर्डप्रमाणं ते लढाईच्या काळात फौजेत होते, पण आघाडीवर कुठंच नव्हते.

प्रत्यक्षात नानांची पलटण पश्चिमेला होती आणि नानांना लढाईच्या काही महिने आधी दुसऱ्या युनिटला अटॅच करून त्रिपुराकडं पाठवलं होतं. आगरतळ्याच्या बाजूनं जी फौज आत गेली, तिच्यात ते होते. लढाई संपल्यावर परत आपल्या पलटणीत आले. ज्यानं पार्ट टू ऑर्डर काढल्या आहेत, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मूळ युनिटच्या क्लार्कनं स्टारची यादी केली तेव्हा म्हटलं असणार, हा अटॅचमेंटवर आहे, ते लोक बघतील. तिकडच्या क्लार्कनं आपल्या युनिटच्या माणसांची यादी केली आणि म्हटलं असणार, हा परत गेला, त्याचं त्याची पलटण बघेल. दोघांचंही काम नियमानं पुरं झालं आणि नाना मधल्या मधे राहिले. लढाईच्या धामधुमीत असं एकट्या नानांचं झालं असेल, यावर माझा विश्वास नाही. अटॅचमेंटवरचे, कोर्सवर गेलेले, हॉस्पिटलात पडलेले, बदलीच्या वाटेवर असलेले, असे सगळे या फटीत सापडतात.

नानांनी अर्ज केला. उत्तर आलं, इंग्रजीत, एका ओळीचं: आपल्या सेवा अभिलेखात अशी नोंद आढळत नाही. पुन्हा अर्ज केला. या वेळी दोन ओळी: संबंधित युनिटची पार्ट टू ऑर्डर सादर करावी. साहेब, पार्ट टू ऑर्डर जवानाला कधी दिली जाते का? ती युनिटमधून निघते आणि तुमच्याकडं येते. ऐंशी वर्षांचा माणूस ती कुठून आणणार? जो कागद फक्त तुमच्या कपाटात असू शकतो, तोच तुम्ही आमच्याकडं मागता.

नानांकडं दुसरा एक कागद आहे. त्यांच्या मंडळींच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेलं निळं आंतर्देशीय पत्र. शाई बऱ्याच ठिकाणी पसरली आहे, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नानांचा नंबर, त्या दुसऱ्या युनिटचं नाव आणि खाली 'मार्फत 99 एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) स्वच्छ वाचता येतं. शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा, महिना डिसेंबर, साल 71. आपण फौजी माणसं आहात. 99 एपीओ म्हणजे कलकत्त्याहून वाटली जाणारी पूर्वेची टपाल, 56 एपीओ म्हणजे दिल्लीची, हे तुमच्या कार्यालयातल्या कुठल्याही जुन्या माणसाला माहीत असतं. पश्चिमेच्या पलटणीतला जवान त्या महिन्यात 99 एपीओचा पत्ता घालून घरी पत्र लिहितो, तर तो होता कुठं? पत्रात मजकूर चारच ओळींचा आहे: मी खुशाल आहे, ज्वारी काढली का, बैल विकू नका, आईला सांभाळा. लढाईबद्दल एक शब्द नाही, कारण लिहायची परवानगी नव्हती. याची झेरॉक्स आम्ही अर्जाला जोडली होती. उत्तरात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

पदकाच्या नोंदीमुळं नानांना एक रुपया मिळणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पेन्शन वाढत नाही, जमीन मिळत नाही, पोराला नोकरी लागत नाही. ज्यात कुणाला काही खायला मिळत नाही, त्यात खोटं बोलायला ऐंशीव्या वर्षी कोण जाईल? 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंड्याला जाताना कोटावर लावायला त्यांना तो स्टार हवा आहे. बाजारात नकली पदकं मिळतात, मुलानं आणून देतो म्हटलं, नाना भडकले. पदकावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. बाजारातल्या पदकावर कुणाचं नाव?

नावावरून आठवलं. नानांच्या संग्राम मेडलच्या कडेवर त्यांचं आडनाव 'राव' असं कोरलेलं आहे. आमच्याकडं शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या नावापुढं राव लागतो. भरतीच्या टेबलावर बसलेल्या परप्रांतीय बाबूला वाटलं, हेच आडनाव. मग किशनराव झाला किशन, आडनाव राव, आणि खरं आडनाव कायमचं गेलं. काहींच्या बाबतीत वडिलांचं नाव आडनाव झालं, काहींच्या बाबतीत गावाचं. पोरगं अठरा वर्षांचं, इंग्रजीचा गंध नाही, समोर सही करायला सांगितली तिथं अंगठा किंवा मोडकंतोडकं नाव. नोकरीभर कुणाचं काही अडलं नाही, कारण फौजेत माणूस नंबरावर चालतो. अडलं ते आता, आधार आणि पॅनच्या जमान्यात, पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर गेल्यावर. तिथं एक अक्षर इकडचं तिकडं झालं की माणूस दुसरा ठरतो.

मराठवाड्याच्या कागदांचा इतिहासही आपण थोडा लक्षात घ्यावा. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. शाळेचे दाखले, जमिनीचे कागद उर्दूत, जुने असतील तर मोडीत. आमचा निलंगा तालुका 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. मग उस्मानाबादेत आला. 1982 ला लातूर जिल्हा झाला, तेव्हा लातुरात गेला. उस्मानाबादचं आता धाराशिव झालं आहे. जालना 1981 ला औरंगाबादेतून वेगळा झाला, हिंगोली 1999 ला परभणीतून, आणि औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर. म्हणजे घर न सोडता, एकाच ओसरीवर बसून माणसाचा जिल्हा दोनदा-तीनदा बदलला आहे. तुमच्या शीट रोलवर कायमचा पत्ता 'जिल्हा उस्मानाबाद' आणि आधारवर 'लातूर', म्हणून फाईल परत येते. 'पत्ता जुळत नाही.' जुळेल कसा? तो बदलला सरकारनं, राजपत्रात छापून. त्याचा पुरावा जवानाकडं मागण्यात काय अर्थ आहे? मागाहून पोस्टानं पाठवलेली किती पदकं या बदललेल्या जिल्ह्यांच्या पायी परत गेली असतील, ते तुमची आवक-जावक वहीच सांगू शकेल.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्याकडं एक अख्खी पिढी 1 जूनला जन्मली आहे. गुरुजींनी पोराला शाळेत घातलं, आईला तारीख विचारली, ती म्हणाली, मोठ्या पुराच्या साली, पोळ्याच्या आधी. गुरुजींनी 1 जून लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली. जे शाळेतच गेले नाहीत, त्यांचं वय भरतीच्या वेळी डॉक्टरनं अंगकाठी बघून ठरवलं. याचा संबंध थेट पैशाशी आहे. ऐंशी वर्षं पुरी झाली की मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला दुप्पट. विधवेच्या फॅमिली पेन्शनलाही हेच लागू आहे. पण जुन्या कितीतरी पीपीओंवर बायकोची जन्मतारीखच नाही, काहींवर तर बायकोचं नावच नाही. ती ऐंशीची झाली हे कुणाला कळणार? तुरळक दात, पाठीला बाक, हातात काठी अशी बाई समोर उभी असते आणि आम्ही फॉर्मवर 'वयाचा पुरावा' या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत बसतो.

बायकांच्या नावाची गोष्ट आणखी वेगळी. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरची गंगूबाई सासरी सरस्वती होते. नवरा सुट्टीवरून परत गेल्यावर युनिटमध्ये लग्नाची नोंद करायला क्लार्कसमोर बसतो, त्याला जे नाव सुचेल ते सांगतो. तोंडात माहेरचंच बसलेलं, कारण मामाचीच मुलगी. क्लार्क ते आपल्या कानाला ऐकू येईल तसं लिहितो. पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी नवरा जातो आणि त्या बाईला सांगतात की तू तीच आहेस हे सिद्ध कर. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक इंग्रजी आणि एक मराठी, शिवाय कुणी राजपत्र मागतं. एका आजीनं मला विचारलं, इंग्रजी पेपरात माझं नाव कोण वाचणार आहे? मला उत्तर देता आलं नाही. आजपर्यंत त्या जाहिराती वाचून कुणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि भूकंप. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारी, सास्तूर अशी औसा आणि उमरगा तालुक्यांतली बावन्न गावं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं धाबं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्या गावांतही फौजी होते, निवृत्त झालेले आणि नोकरीत असलेले. त्यांच्या ट्रंका, डिस्चार्ज बुकं, पदकं त्या ढिगाऱ्यात गेली. गावं नव्या जागी वसली, नव्या जागेचे नवे पत्ते झाले. आता अशा एका विधवेनं डुप्लिकेट कागद मागितले, तर हरवल्याची पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत जोडा म्हणून सांगितलं. साहेब, त्या पहाटे पोलिसही ढिगारे उपसत होते. कागद हरवला म्हणून तक्रार द्यायला तेव्हा कोण गेलं असतं? आणि आज, तीस वर्षांनंतर, कुठला ठाणेदार ती लिहून घेईल? पुनर्वसनाच्या याद्या तहसीलमध्ये आहेत. त्या यादीत त्या कुटुंबाचं नाव असेल, तर तोच पुरावा धरा. त्याहून मोठा पंचनामा या भागात झालेला नाही.

आता तुमची बाजू. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे, त्यामुळं सगळा दोष तुमच्या माथी मारणार नाही. एकेका रेकॉर्ड ऑफिसात लाखो माणसांचे कागद, जुने रोल हाताला लागले तर तुकडे होतील असे, आणि क्लार्क मोजके. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आमच्या एका तालुक्यातली माणसं या सगळीकडं वाटलेली आहेत. कुठल्याही एका कार्यालयाला निलंग्याची अडचण दिसायची कशी? चांगली माणसंही भेटली. एका सुभेदारसाहेबांनी अर्ज वाचून स्वतः फोन केला, लाँग रोल (भरती झालेल्या प्रत्येकाची थोडक्यात कायमची नोंद) काढून बघतो म्हणाले, बघितला, आणि एका माणसाची राहिलेली पदकाची नोंद महिनाभरात चढली. त्यांना कुणी वरून सांगितलं नव्हतं. कागद काढून बघायचा, एवढंच त्यांनी केलं.

तेच मी सगळ्यांकडं मागतो आहे. 'नोंद आढळत नाही' हे लिहायच्या आधी त्या माणसाचा लाँग रोल, शीट रोल आणि अटॅचमेंटच्या ऑर्डर एकत्र समोर ठेवा. ज्या युनिटला तो अटॅच होता, त्या युनिटचं रेकॉर्ड दुसऱ्या कार्यालयात असेल, तर पत्र तुम्ही त्या कार्यालयाला लिहा. एका कार्यालयाचं पत्र दुसऱ्याला आठवड्यात जातं. नानांचं पत्र तिथं गेलं, तर ते आधी कुठल्या टेबलावर ठेवायचं हेच ठरत नाही.

त्याही पुढं जाऊन सांगतो. पदकासाठी माणसानं अर्ज करावा, हीच मला उलटी रीत वाटते. 1965 आणि 1971 ला कोण वर्दीत होतं, कुठल्या युनिटात होतं, ते युनिट कुठं होतं, हे सगळं तुमच्याकडं आहे. जे अजून हयात आहेत त्यांच्या पेन्शनच्या याद्याही आहेत. दोन्ही याद्या समोरासमोर धरा आणि ज्याचा स्टार, ज्याचं मेडल राहिलं असेल त्याला तुम्हीच कळवा. यांतला सगळ्यात तरुण माणूस आता सत्तरीच्या पुढं आहे. ही मोहीम फार वर्षं चालवावी लागणार नाही.

जे पेन्शनशिवाय बाहेर पडले, त्यांचं जास्त घाईचं आहे. चीनच्या लढाईच्या वेळच्या आणीबाणीच्या भरतीत आलेले, लढाई झाल्यावर पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत घरी पाठवलेले, असे कितीतरी आमच्याकडं आहेत. नियमाप्रमाणं बिगरपेन्शनर माणसाचे सेवा कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, राहतो फक्त लाँग रोल. म्हणजे त्यांच्या बाजूनं बोलणारा तो एकच कागद उरला आहे. त्याची छायाप्रत आणि त्यावरची पदकांची नोंद मागितल्याबरोबर द्या. माहितीच्या अधिकारात तीस दिवसांची मुदत आहे म्हणून तिसाव्या दिवसापर्यंत थांबू नका. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे हे आम्हाला माहीत आहे. पण एका पदकासाठी वकील लावून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची, हे नानांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना वेगळं सांगणं आहे. तुम्ही जवळ आहात, तुम्हाला भाषा कळते, गाव कळतं. राव हे आडनाव नाही, हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. एक माणूस, एक नंबर आणि त्याच्या नावाची जेवढी रूपं कागदोपत्री सापडतात ती सगळी एकाच प्रतिज्ञापत्रात, तुमच्या सहीशिक्क्यानिशी 'ही एकच व्यक्ती आहे' असं लिहून रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, आणि रेकॉर्ड ऑफिसनं ते मान्य करावं. जिल्हाबदलाचं तर एकच परिपत्रक पुरेसं आहे, माणसागणिक पुरावा कशाला? पेन्शन अदालती भरतात तशी वर्षातून एकदा लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला रेकॉर्डची बैठक भरवा. बेळगाव, सागर, नाशिक, खडकीहून एकेक क्लार्क यादीसकट येऊ द्या. तारीख महिनाभर आधी कळवा, पेरणी आणि सुगी सोडून. माणसं आणायचं काम आमचं. चहापाण्याचं आम्ही बघू.

नानांचा तिसरा अर्ज या पत्रासोबतच स्पीड पोस्टानं निघाला आहे. आंतर्देशीय पत्राची रंगीत झेरॉक्स पुन्हा जोडली आहे, दोन्ही बाजूंची. मूळ पत्र पाठवणार नाही, मंडळी देत नाहीत. पण आपला माणूस आला तर दाखवतील. आणि उत्तर या वेळी हिंदीत किंवा मराठीत पाठवा. नाना दोन्ही वाचतात, चष्मा लावून स्वतः वाचतील.

आपला,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क)
ता. निलंगा, जि. लातूर (आपल्या कागदांवर बहुधा जि. उस्मानाबाद)